दुसरा रकाना

९ मार्च

मौलाना साहेब,

सलाम. तुमचा फोन नंबर तुमच्या बहिणीच्या डायरीत होता, पण तो आता लागत नाही. तुमच्या आताच्या गावच्या मशिदीचा पत्ता तिच्या शाळेतल्या एका बाईंकडून मिळाला, म्हणून पत्र लिहितो आहे.

तुमची आपा गेली. अठ्ठावीस फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला, इस्पितळात. त्याच दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर दफन झालं. तुम्हाला वेळेत कळवता आलं नाही, याबद्दल क्षमा असावी. माणसं बरीच आली होती. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतःच्या मुलींना घेऊन आल्या होत्या. एक म्हणाली, बाईंनी आम्हाला अरबी कमी आणि गप्प बसून ऐकायला जास्त शिकवलं.

शेवटी त्रास फार झाला नाही. सिस्टर शेजारी होती, तीच ती नन. तिचा उल्लेख तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ती होती, आणि नव्हती असं लिहिणं मला जमणार नाही.

घरी मी एकटाच आहे. तब्येत ठीक. नकाशा कार्यालयातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी त्याच वेळी जाग येते.

काही हवं असल्यास कळवावं. तिची पुस्तकं आहेत. त्यांवर तुमचा हक्क आहे.

आपला,
तुमच्या आपाचा नवरा


२७ मार्च

मौलाना साहेब,

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण अक्षर अजून तिच्यासारखंच आहे. तुम्हाला लिहायला तिनेच शिकवलं होतं, हे मी विसरलो होतो.

'आपाने माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, तेव्हा मी काय ते समजलो,' असं तुम्ही लिहिलं आहे. कुठलं पत्र ते पाहतो. कागद बरेच आहेत. सगळे अजून चाळून झालेले नाहीत.

शेवटच्या घटकेला तिच्या कानावर काय पडलं, असं तुम्ही विचारलं आहे. इमाम म्हणून विचारता की भाऊ म्हणून, ते कळलं नाही. उत्तर एकच आहे. सूरह मरियम.

कुरआन घेऊन मी वाचायला बसलो होतो. पण माझा आवाज फुटेना. पहिल्याच ओळीवर दोनदा अडलो आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. परत दाराशी आलो तर आतून तुमच्या आपाचा आवाज येत होता. मी जागीच थांबलो. आवाज सिस्टरचाच होता, जरा घोगरा. पण कुठे श्वास घ्यायचा, कुठलं अक्षर किती लांबवायचं, कुठे थांबून समोरच्याला ऐकू द्यायचं, ते सगळं तिचं होतं. आतल्या खाटेवर जे संपत चाललं होतं ते शेजारच्या खुर्चीवरून जसंच्या तसं ऐकू येत होतं. माझ्या हातातलं भांडं भरलेलंच राहिलं.

वाचणाऱ्याचं चुकलं की ती बोटाने टोकायची, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी तिने एकदाच टोकलं. चादरीवर बोट हललं, सिस्टर थांबली, ती ओळ पुन्हा म्हणाली आणि पुढे गेली. त्यानंतर बोट हललं नाही.

ही बाई आमच्या घरात कशी आली, ते तुम्ही कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता सांगतो. सिस्टर इस्पितळात बाळंतपणं करायची. एकदा एक म्हातारी आपल्या अडलेल्या सुनेच्या उशाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. त्यात सिस्टरला 'मरियम' एवढं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन अरबीच्या बाई कोण, असं विचारत तुमच्या आपापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या ग्रंथात आमची माय आहे म्हणे. दाखवाल का?"

आपाने तिला घरी आणलं आणि तो भाग अर्थासह वाचून दाखवला. मरियम एकटी आहे, वेणा तिला खजुराच्या बुंध्याशी घेऊन जातात, आणि ती म्हणते, याआधीच मेले असते, विसरली गेले असते, तर बरं झालं असतं. मग खालून आवाज येतो, दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, बुंधा आपल्याकडे हलव, पिकलेला खजूर पडेल, खा आणि पी.

सिस्टरने तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "तीस वर्षं मी बायकांना हेच बोलताना ऐकलंय. मेले असते तर बरं. आणि तेव्हा त्यांना हेच लागतं. धरून ओढायला काहीतरी, पाणी, आणि तोंडात गोड. हे कुणीतरी अगदी जवळून पाहिलंय, बाई."

आपा म्हणाली, "पाहणारा एकच आहे."

मी कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत होतो. तो ब्लेडचा आवाज आपण थांबवला पाहिजे, असं मला वाटलं. मी थांबवला.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी ती यायची. एकोणीस वर्षं.

आपला


१४ एप्रिल

मौलाना साहेब,

तुमचं पत्र आलं नाही, तरी लिहितो. एक गोष्ट सापडली आहे आणि ती सांगायला दुसरं माणूस नाही.

सिस्टर यायला लागली त्याच वर्षी तुम्ही शेवटचे आमच्याकडे आलात; तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही बैठकीच्या खोलीत खिडकीखाली बसला होतात. तुम्ही म्हणालात की पाद्री आणि संन्यासी नम्र असतात, ख्रिस्ती लोक मायेने आपल्याला सर्वांत जवळचे आहेत, ही आयत आपा सगळ्यांना वाचून दाखवते. पण त्याच सूरहमध्ये तीसेक आयती आधी, यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना आपले सोबती करू नका, असं सांगितलं आहे. ती का वगळते?

ती म्हणाली, "वगळत नाही रे. त्या आयतीपाशी मी अजून थांबलेय."

तुम्ही म्हणालात, मशिदीत लोक तोंडावर विचारतात, तुमच्या बहिणीच्या घरी नन कुरआन शिकते हे खरं का. त्यांना मी काय सांगू? त्यावर ती जे बोलली ते तिने बोलायला नको होतं. "सांग, शिकते. आणि तुझ्यापेक्षा कमी चुका करते."

तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून उठलात. तो कप तिने संध्याकाळपर्यंत उचलला नाही. मलाही उचलू दिला नाही.

आता सापडलेली गोष्ट. तिच्या वह्या तशा माझ्या ओळखीच्या आहेत, कारण त्या मीच आखून दिल्या. तुम्ही सगळे मला मागे फूटपट्टी म्हणायचात. बरोबरच होतं. दरवर्षी एक मोठी कोरी वही, डावीकडे मजकुराला जागा, उजवीकडे दोन अरुंद रकाने. एवढंच तिने सांगितलं होतं. रकाने कशाला, ते मी विचारलं नाही. कार्यालयातही साहेब सांगत तशी रेघ मी मारत असे. कुणाची जमीन कुठे संपते हे विचारायचं काम माझं नव्हतं.

तिच्या पश्चात वह्या पहिल्यांदा नीट उघडून वाचल्या. प्रत्येक पानावर एक आयत, खाली तिचा अर्थ, साध्या भाषेत, तीन-चार ओळींत. खोडलेलं खूप. पहिल्या रकान्यात पेन्सिलीचं एक बारीक टिंब. काही पानांवर टिंब नाही. दुसरा रकाना एकोणीसही वह्यांमध्ये कोरा.

मी सिस्टरला विचारलं. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच काहीतरी विनोद करतो आहे. म्हणाली, बाईंचा नियम होता. आयत ख्रिस्ती माणसाबद्दल असेल तर तिचा अर्थ आधी ख्रिस्ती माणसाला ऐकवायचा. या अर्थात मी मला ओळखते आणि तो मानणाऱ्याच्या शेजारी राहू शकते, असं सिस्टरला वाटलं तर तिने टिंब द्यायचं. नुसत्या भिडेखातर द्यायचं नाही. खोटं टिंब चालत नाही.

टिंब तुम्हाला सांगायला नको. तुम्ही पाच वर्षांचे असताना ती तुम्हाला मांडीवर घेऊन वाचायला शिकवायची. समजलं तिथे टिंब, नाही समजलं तिथे कोरं. तुमची ती पुस्तिका अजून कपाटात आहे.

"आणि दुसरा रकाना?" मी विचारलं.

"तो धाकट्याचा," सिस्टर म्हणाली. "बाई म्हणायच्या, एका बाजूने पटलं म्हणजे अर्थ लागला असं नाही. माझ्या भावाला आपला ग्रंथ त्यात ओळखता आला पाहिजे. तो येईल तेव्हा देईल."

मौलाना साहेब, त्या रेघा मी मारल्या आहेत. दरवर्षी, कठीण शिशाच्या पेन्सिलीने, एका मापाच्या. प्रत्येक पानावर ती तुमच्यासाठी जागा धरून बसली होती आणि ती जागा आखत होतो मी. मला ठाऊक नव्हतं. माझ्याच हाताखालून एवढी मोठी गोष्ट गेली आणि मी फक्त माप बघत राहिलो. ते कळल्यावर मी वही मिटून जरा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. घरात बसवेना.

एका पानाबद्दल लिहितो. अल्लाहने माणसांना एकमेकांकडून आवरलं नसतं तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी, जिथे त्याचं नाव घेतलं जातं, पाडल्या गेल्या असत्या, अशी आयत आहे. खाली तिने लिहिलंय, 'यादीत मशीद शेवटी आहे. आधी दुसऱ्यांचं छप्पर, मग आपलं. राखायला निघालो तर याच क्रमाने निघावं, असं मला वाटतं. धाकट्याला विचारणे.'

आणि ती वगळलेली आयत शेवटच्या वहीत आहे. त्या पानाबद्दल आता लिहीत नाही. ते तुम्ही स्वतः पाहा.

आपला


२ मे

प्रिय भाऊ,

तुला 'तू' म्हणतो. जे सांगायचं आहे ते 'तुम्ही' म्हणून सांगणं म्हणजे मध्ये टेबल ठेवून बसल्यासारखं होईल.

तू म्हणतोस ते पत्र माझ्यापाशी आहे. 'कुठलं पत्र ते पाहतो' असं जे मी लिहिलं ते खोटं होतं. ते कुठे आहे हे मला अकरा वर्षं माहीत होतं. माझ्या कंपासपेटीच्या खणात, खालच्या कागदाखाली.

तिचं पहिलं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, मनस्ताप होऊ देऊ नका. पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखलं आणि वाटलं, हा आता आणखी काहीतरी बोलणार. ती बरी झाली की देऊ, असं ठरवून ठेवून दिलं. आठवड्याने द्यायला गेलो तर इतके दिवस का ठेवलं याचं उत्तर सापडेना. महिन्याने आणखी सापडेना. मग तो खण उघडायचंच मी टाळू लागलो. नवीन पेन्सिली वेगळ्या डब्यात ठेवल्या.

डॉक्टरांवर ढकलतो आहे असं वाटेल, म्हणून उरलेलंही लिहितो. तू येईनासा झाल्यापासून घर शांत होतं. मला शांतता आवडते. त्या शांततेपायी तुझी आपा तुझ्याविना राहिली.

गेल्या आठवड्यात ते पाकीट फोडलं. तू लिहिलं आहेस:

'आपा, तू हिंडती-फिरती झालीस असं कळलं. घरी यायला पाय उचलत नाही, कारण तिथून मी चहा टाकून उठलो. नजरानचे ख्रिस्ती पाहुणे मदिनेला आले तेव्हा पैगंबरांनी त्यांना आपल्या मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली, हे मला तूच सांगितलं होतंस. मी टिंब दिलं होतं. ते खोटं ठरू नये. या शुक्रवारी असरनंतर मशिदीच्या फाटकापाशी ये. तुझ्या सिस्टरलाही आण. आत ओवरीत बसू. ती आयत बरोबर घेऊन ये. मी वाट बघतो.'

तेव्हा तू इथल्याच मशिदीत होतास; त्या शुक्रवारी कामावरून येताना मी तुला पाहिलं होतं. फाटकाशी उभा होतास, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, रस्त्याकडे बघत. कुणाची तरी वाट बघतोयस असं वाटलं. कुणाची, ते मला ठाऊक नव्हतं. पण नजरानजर नको म्हणून मी मागच्या गल्लीने घरी आलो. ती दारात बसून लसूण सोलत होती. आज उशीर झाला, म्हणाली. मी म्हणालो, रस्त्यात गर्दी होती.

तू बोलावलं होतंस हे तिला कधीच कळलं नाही. तरी दरवर्षी ती दुसरा रकाना आखून घेत राहिली. याचं काय करायचं ते मला समजत नाही. मी साधा माणूस आहे. कुणी उत्तर दिलेलं नसताना इतकी वर्षं जागा मोकळी ठेवायची, हे कुठल्या बळावर होतं? सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, आम्ही त्याला श्रद्धा म्हणतो, तुम्हीही बहुतेक तोच शब्द वापरता.

सिस्टरला मी हे सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाली, "आता त्यांना सांगा. आणि वह्या पाठवा. त्या तुमच्या नाहीत."

एकोणीस वह्या पार्सलने पाठवतो आहे. तुझं ते पत्र शेवटच्या वहीत ठेवलं आहे. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. लिहिलं नाही तरी मागणं तेच आहे.

तुझा
दाजी


२० जून

प्रिय भाऊ,

पार्सल पोहोचल्याची पोचपावती पोस्टातून आली. त्यावर तुझी सही आहे. तेवढ्यावर समाधान आहे.

उत्तराची घाई नाही. न आलं तरी तुझी तक्रार करणार नाही. न आलेल्या उत्तराबद्दल या घरात कुणी बोलायचं असेल तर तो मी नव्हे.

सिस्टर अजून शनिवारी येते. एरवी दोघी बोलायच्या आणि मी कोपऱ्यात असायचो. आता मलाच बोलावं लागतं. गेल्या खेपेला तिने विचारलं, इतकी वर्षं ऐकत होतात, तुमचं स्वतःचं काय मत? मी म्हणालो, मला मत विचारायची कुणाला सवय नाही. ती म्हणाली, "तुम्हाला विचारायचं म्हणजे आधी फूटपट्टी काढून घ्यावी लागेल." हा शब्द तिलाही माहीत होता. मी कित्येक दिवसांनी हसलो.

मग तिला म्हणालो, मला त्या सूरहतला तो आवाज आवडतो. मरियम मरण मागते तेव्हा तो तिच्याशी वाद घालत नाही. पाणी कुठे आहे ते सांगतो.

सिस्टरने पर्समधून पेन्सिल काढली. वह्या तुझ्याकडे आहेत, म्हणून तिने टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला टिंब दिलं. ते मी कापून ठेवलं आहे.

तुझा
दाजी


११ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

वह्या काल आल्या. सिस्टर येईपर्यंत उघडायच्या नाहीत असं ठरवलं होतं. आज शनिवार. दुपारी दोघांनी मिळून दोरी सोडली.

तू प्रत्येक पान वाचलं आहेस. दुसरा रकाना आता कोरा नाही. पुष्कळ ठिकाणी टिंब आहे. जिथे नाही तिथे तू बारीक अक्षरात कारण लिहिलं आहेस, आधीच्या विद्वानांनी काय म्हटलं ते दिलं आहेस, आणि एकदा तर 'आपा, इथे तू घाई केलीस' असं लिहिलं आहेस. ती समोर बसली असावी तसं. सिस्टरने ते तीनदा वाचलं आणि म्हणाली, "हे तर अगदी बाईंसारखे आहेत. चूक काढताना प्रेम लपत नाही."

ईसांना, म्हणजे सिस्टरच्या येशूंना, क्रुसावर दिलं गेलं नाही, या आयतीच्या पानावर तुझं टिंब आहे, सिस्टरचं नाही. तिचा रकाना तिथे पहिल्यापासून कोरा आहे. तिने त्या दोन जागांवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, इथे आम्ही वेगळे. बाईंनी हे पान फाडलं नाही, मीही फाडायला सांगितलं नाही, आता त्यांनीही फाडलं नाही.

यादीत मशीद शेवटी येते त्या पानावर तू लिहिलंस, 'मी वीस वर्षं ही आयत नमाजमध्ये म्हणतो आहे. क्रम कधी मोजला नव्हता.' खाली टिंब.

मग शेवटची वही. ते पान मी आधी पाहिलं होतं, सिस्टरनेही. ती कठीण आयत वर. खाली आपाने ती उतरली तेव्हाचे दिवस लिहिले आहेत, लढाई, फुटलेले करार, आतून शत्रूला मिळालेले लोक. शेजारी तिने दुसरी आयत ठेवली आहे, की धर्मापायी जे तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही. आणि सर्वांत खाली, शेवटच्या महिन्यांतल्या थरथरत्या अक्षरात, 'धाकटा म्हणाला होता ते खरं. त्याने टोकलं नसतं तर ही मी वगळलीच असती. हे पान त्याचं आहे.'

सिस्टरचं टिंब तिथे आहे. देताना रडले होते, असं तिने आज सांगितलं. बाईंना दिसू दिलं नव्हतं.

तुझ्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. फक्त टिंब. भाऊ, मी चाळीस वर्षं पेन्सिल धरली आहे. किती जोराने दाबल्यावर कागदावर काय उमटतं, हे मला हात लावून कळतं. तू पेन्सिल टेकवून बराच वेळ उचलली नाहीस. टोक कागदातून आरपार गेलं आहे. पान उलटलं, तर त्यामागच्या कोऱ्या पानावरही तुझं टिंब आहे, शिसं नाही, नुसता खळगा. त्याच्या मागच्या पानावरही. सिस्टरने डोळे मिटून बोटाने ते एकेक चाचपलं. पाच पानांपर्यंत लागलं.  खोलीत तिसरं कुणीतरी वाचत बसल्यासारखं वाटत होतं, आणि आवाज करू नये असं.

तुझी चिठ्ठी बरोबर होती. 'दाजी, येत्या शुक्रवारी असरनंतर मशिदीच्या फाटकापाशी उभा राहीन. सिस्टरना घेऊन या. हे पत्र मात्र खणात ठेवू नका.'

ठेवलं नाही. टेबलावर आहे, उघडं.

तिकिटं काढली आहेत. सिस्टरने विचारलं, चपला कुठे काढायच्या, डोक्यावरचं हे चालेल का, आणि बाईंच्या भावाला काय म्हणायचं. मी म्हणालो, त्याला बाईंच्या कानावर पडलं ते म्हणून दाखव. ती लगेच उठून खिडकीशी गेली आणि हळू आवाजात पाठ म्हणायला लागली. एका ठिकाणी अडली. मी टेबलावर बोट हलवलं.

शुक्रवारी आम्ही पुढच्या रस्त्यानेच येऊ.

तुझा
दाजी